न चाखलेली रीसलिंग

सकाळच्या शिफ्टला निघालो होतो. नेकार नदीचं वळण ओलांडलं आणि उजव्या हाताच्या उतारावर शेकडो ज्योती दिसल्या. डोंगर पेटलेला नव्हता. ज्योती सारख्या अंतरावर, रांगेत होत्या आणि हलत नव्हत्या. मी गाडी कडेला घेतली.

दोन हजार चोवीसचा एप्रिल, दक्षिण जर्मनी. द्राक्षवेलींना बोटाएवढे कोंभ फुटले होते आणि हवा अचानक शून्याखाली गेली होती. थंड हवा पाण्यासारखी वागते. उतारावरून खाली वाहते, खोलगट जागा सापडली की तिथे साचते. या उताराच्या मधोमध असा एक खळगा आहे, गावातले लोक त्याला वाटी म्हणतात. त्या वाटीत वेलींच्या ओळींमधून मेणाचे डबे पेटवून ठेवले होते आणि त्यांच्यामधून माणसं एक शब्द न बोलता फिरत होती. मी नास्तिक माणूस आहे. तरी गाडीतून उतरताना दार हळू लावलं.

शाल पांघरलेली एक बाई मोठ्या थर्मासमधून सगळ्यांना चहा देत होती. जवळ आली तेव्हा ओळखलं. शुभावहिनी.

“उत्कर्ष? तुला शिफ्ट नाही का रे?”

“तुम्ही काय करताय इथे?”

“आमच्या वेली आहेत,” त्या म्हणाल्या, जणू वाईला त्यांच्या वडिलांनीच लावल्या होत्या. “घे, चहा घे. आलं जरा जास्त पडलंय. हे लोक खोकतायत, पण पितायत.”

मी घोट घेतला आणि खोकलो. त्या हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि वाटीकडे वळल्या. नुकतं फटफटत होतं. काळ्या वेली, पिवळ्या ज्योती, यापलीकडे दिसण्यासारखं काही नव्हतं.

“गेले,” त्या म्हणाल्या.

“काय गेलं?”

“कोंभ. मघापर्यंत हिरवा वास होता. आता नाहीये.”

मला फक्त मेणाचा धूर येत होता. आसपासचे बागायतदार अजून डबे सरकवत होते, नवे पेटवत होते. कोणालाच काही कळलेलं नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दिनकरने मला फोनवर फोटो दाखवला: वाटीतले सगळे कोंभ चहाच्या चोथ्यासारखे काळे पडले होते.

दिनकर म्हणजे शुभावहिनींचा नवरा, नेकारसुल्मच्या कार कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दिनकर वाळिंबे. त्यांची मुलगी उर्जा पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. आणि वहिनी. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर आल्या. पुण्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या. त्यांची पदवी इथे कोणी मानली नाही. मग कधी बेकरीच्या काउंटरवर, कधी बालवाडीच्या स्वयंपाकघरात, दोन-चार महिन्यांची कामं. डॉक्टरकडे गेलं की फॉर्मवर ‘बेरूफ’ असा एक रकाना असतो, म्हणजे पेशा. त्यात त्यांनी चौदा वर्षं ‘हाउसफ्राऊ’, गृहिणी, असंच लिहिलं होतं. लिहिताना पेन जरा दाबूनच लिहायच्या, असं दिनकर म्हणायचा.

तेवीसच्या ऑक्टोबरात गावातल्या वाइन संस्थेच्या दुकानात त्यांना नोकरी मिळाली. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना असतो तशी ही संस्था, पण फार लहान. तेरा बागायतदार, एक तळघर, एक दुकान. फरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, दोन वर्षांच्या मुदतीचा होता. इथला कायदा असा की दोन वर्षं झाली की एक तर कायम करायचं, नाही तर नमस्कार. तारीख होती तीस सप्टेंबर पंचवीस. ती तारीख त्यांनी फ्रिजवर लावली नव्हती, पण घरातल्या सगळ्यांना पाठ होती.

“त्या रकान्यात मी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं,” एकदा पोहे देता देता त्या मला म्हणाल्या होत्या. “आता परत खोडायचं नाहीये.”

वाइनच्या दुकानात काम करणाऱ्या या बाईंनी वाइन कधी प्यायली नव्हती. थेंबभरही नाही. नवस नव्हता, पापाची भीती नव्हती. दिनकर शुक्रवारी बिअर घ्यायचा, त्याला त्या काकडी कापून द्यायच्या. स्वतः घेत नसत, इतकंच. तरी गिऱ्हाईक आलं, काय जेवण आहे ते सांगितलं, की त्या बरोबर बाटली काढून देत. लोक परत येत. संस्थेतल्या कोणी कधी विचारलं नाही. वाइन विकणारा माणूस वाइन पितो का हे विचारायचं कोणाच्या मनात येईल?

मी विचारलं. त्यावर त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील दत्तात्रय, वाईजवळच्या एका देवस्थानात आचारी. उत्सवाला तीनशे पानं उठायची. नैवेद्याचा स्वयंपाक, म्हणजे देवाच्या आधी जिभेवर काही ठेवायचं नाही. आमटीत मीठ पडलं की नाही, पुरणात गूळ पुरला की नाही, चाखून बघायची सोय नाही. वडील दहा हात लांब उभे राहून सांगत, “त्या डावीकडच्या पातेल्यात मीठ कमी आहे.” आणि असायचं कमी.

“मिठाला वास कुठे असतो?” मी म्हणालो.

“नसतोच. पण मीठ पडलं ना, की बाकीच्यांचे वास आपापल्या जागी बसतात. नसलं की सगळे उभे असतात.” मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “आणि अण्णा हुंगायचे नाहीत हां. देवाच्या आधी फूलसुद्धा हुंगायचं नसतं. अण्णा म्हणायचे, वास आपण घ्यायचा नाही, वास आपल्याकडे येतो. आपण फक्त आड यायचं नाही.”

शेवटची पंगत उठली की वडील जेवायला बसत. तोवर भांडी विसळायला गेलेली. पहिला घास घेत आणि एवढंच म्हणत: “मीठ बरोबर होतं.” होतं. ज्यांना वाढायचं ते जेवून गेलेले, बदलण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा त्या माणसाला चव कळायची. आयुष्यभर रोज.

या गोष्टीवर मी बरेच दिवस विचार करत राहिलो. कारखान्यात आम्ही एका स्क्रूची चाचणी सतरा वेळा घेतो.

आता हेर बॉयर्ले. संस्थेचे केलरमाइस्टर, म्हणजे तळघराचे मुख्य. वाइन कधी पिंपातून काढायची, कशात काय मिसळायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. बासष्ट वर्षांचे, मोठ्या कानांचे, दिवसाला साधारण वीस शब्द बोलणारे. वहिनी दुकानात, ते खाली. दोघांचा संबंध ‘गुटन मॉर्गन’पुरता. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात वहिनी रिकामे खोके ठेवायला खाली उतरल्या आणि पायरीवरच थांबल्या.

“हेर बॉयर्ले, चार नंबरच्या टाकीतून सडक्या अंड्याचा वास येतोय.”

बॉयर्ले त्याच टाकीशी उभे होते. हातात ग्लास, ग्लासात त्याच टाकीतली वाइन. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि त्यांच्या मोठ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“केव्हापासून?” वहिनींनी हळूच विचारलं. टाकीबद्दल नव्हे.

“कोरोना झाला तेव्हापासून,” ते म्हणाले. “आधी सगळ्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. मग तोही गेला.” मग म्हणाले, “निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी.”

वहिनींनी खोके ठेवले आणि वर आल्या. कोणाला सांगितलं नाही. दिनकरलासुद्धा सहा महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी बॉयर्ले दुकानात आले आणि म्हणाले, “फ्राऊ वालिम्बे, पाच मिनिटं खाली येता का?” त्यानंतर ते रोज यायचे. वहिनी नाक, बॉयर्ले जीभ. कारण जीभ शाबूत होती: आंबट, गोड, कडू, तुरट एवढं ती सांगायची. बाकी सगळं, ज्याला आपण चव म्हणतो ते जवळजवळ सगळं, नाकाचं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पंचवीसचा वसंत आला आणि काळ्या पडलेल्या कोंभांचा हिशोब समोर आला. वाटीतली रीसलिंग ही संस्थेची सगळ्यात खपणारी पांढरी वाइन. गावातलं लग्न, बारसं, मयताचं जेवण तिच्याशिवाय होत नसे, आणि आसपासची हॉटेलं दरवर्षी तीच नेत. चोवीसचं पीक दहाव्या हिश्श्यावर आलं. जुन्या सालातल्या बाटल्या मे महिन्यात संपल्या. दुकानात एक पाटी लागली: रीसलिंग शिल्लक नाही.

फ्राऊ क्लाइन, संस्थेच्या मॅनेजर, यांचं म्हणणं सरळ होतं. बाहेरून टँकरने रीसलिंग आणायची, आपल्या बाटलीत भरायची, लेबलावर बारीक अक्षरात खरं लिहायचं. बागायतदारांना ते पटेना, पण दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी ठरलं की संस्थेच्या तेराही सभासदांकडे पिंपात जी जी पांढरी वाइन आहे तिचे नमुने मागवायचे. बॉयर्लेंनी त्यातून पर्याय निवडायचा. जूनच्या सभेत दाखवायचा. जमला तर ठीक, नाही तर टँकर.

“आणि टँकर आला तर,” फ्राऊ क्लाइन वहिनींना म्हणाल्या, “आल्झो, तर मग दुकानात एवढ्या माणसांची गरज राहणार नाही. तुम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं.”

वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी खरं तेच सांगितलं.

सतरा नमुने आले. वहिनींनी रीसलिंगची एक शेवटची बाटली बाजूला ठेवली होती, ती आधी उघडली. मी त्या दिवशी तिथे होतो. दिनकरने डबा पाठवला होता. त्यांची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सगळे लोक ग्लासात नाक घालतात. वहिनींनी ग्लास टेबलावर ठेवला आणि हातभर मागे सरकून उभ्या राहिल्या. हात मागे बांधलेले. डोळे उघडे, पण कशावरच नाहीत. तळघरात पाणी ठिबकत होतं. एक मिनिट गेलं असेल. बॉयर्ले हात बांधून शेजारी उभे होते, देवळात मागच्या रांगेतला माणूस उभा असतो तसे.

“ओला दगड,” वहिनी जर्मनमध्ये म्हणाल्या. “लिंबाची साल. थोडं रॉकेल, म्हणजे स्टोव्ह पेटवायच्या आधी येतं तसं. आणि...” इथे त्या अडल्या आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “कैरीचा देठ तोडल्यावर चीक येतो ना रे, तो. त्याला काय म्हणू?”

बॉयर्लेंनी कैरी पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हाइलब्रॉनच्या भारतीय दुकानातून एक कैरी आणली. बॉयर्लेंना तिचा वास येणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी देठाकडून चावा घेतला. डोळे मिटले. सगळा चेहरा सुरकुतून एका जागी गोळा झाला.

“गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. “रीसलिंगमध्ये हीच असते. चाळीस वर्षं चाखतोय. नाव आज कळलं.”

पुढचे तीन आठवडे ते दोघं दुकान बंद झाल्यावर तासभर खाली बसत. सिल्वानर आली: बटाटे उकडलेल्या पाण्यासारखी, म्हणाल्या, चांगली आहे पण शेजारी कोण बसलंय याची तिला फिकीर नाही. म्यूलर-थुर्गाऊ आली: जायफळ. श्रीखंडाला चालेल, माशाला नाही. वाइसबुर्गुंडरमधून भिजवलेल्या बदामाच्या सालीचा वास येत होता. बॉयर्ले हो म्हणाले, त्या नाही म्हणाल्या. रीसलिंगची ती एकच बाटली रोज थोडी थोडी विझत चालली होती आणि दर संध्याकाळी वहिनी आधी तिच्यासमोर उभ्या राहायच्या. पाचव्या दिवसापासून त्यांनी तीही उघडणं बंद केलं. “आता लक्षात आहे,” म्हणाल्या.

बारा नंबरच्या नमुन्यासमोर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. मग एक पाऊल मागे गेल्या, आणखी एक, पार पायऱ्यांपर्यंत.

“इथपर्यंत येतोय,” त्या म्हणाल्या. “दगड आहे. कैरी आहे. रॉकेल नाही, त्याच्या जागी कोवळं सफरचंद आहे. पण सगळे बसलेले आहेत.”

बॉयर्लेंनी घोट घेतला, तोंडात घोळवला, शेजारच्या बादलीत टाकला. “आंबटपणा तोच. शेवटाला जरा तुरट. वाट बघितली तर तेही जाईल.” चिठ्ठी उलटून पाहिली आणि हसले. “मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं,” असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

ती केर्नर होती. सभासदांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या हेर फोग्टच्या, डोंगराच्या पार वरच्या कडेच्या तुकड्यातली. केर्नर आता कोणी पीत नाही. आजोबांच्या कपाटातली वाइन, असं तरुण लोक म्हणतात. फोग्ट येत्या हिवाळ्यात वेली उपटून टाकणार होता. पण ही जात शेजारच्याच गावात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी तयार केली गेली, आणि तिच्या आईबापांपैकी एक रीसलिंगच आहे. शिवाय उशिरा जागी होणारी. एप्रिलच्या त्या पहाटे खाली वाटीत कोंभ मरत होते तेव्हा डोंगरावरच्या या वेली अजून झोपलेल्या होत्या.

सभा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती, संध्याकाळी पाचला. दिनकर कामासाठी हंगेरीत होता, वहिनींची गाडी दुरुस्तीला. त्यांना घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. उर्जाला घेऊन मी लवकरच पोचलो आणि आम्ही हॉलच्या मागच्या बाकावर बसलो. ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडलं होतं. तेरा बागायतदार, फ्राऊ क्लाइन, बॉयर्ले, आणि टेबलाच्या टोकाला ग्लास मांडणाऱ्या वहिनी. प्रत्येकासमोर सतरा नमुन्यांचा तक्ता: रंग, वास, चव.

फ्राऊ क्लाइनने चष्मा लावला. तक्ता जवळ घेतला, लांब नेला.

“हेर बॉयर्ले, एक विचारू? हे दोन वेगळ्या हातांचं अक्षर आहे.”

त्यांनी बोट आधी एका रकान्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर.

“चवीचा रकाना तुमचा. तुमचं अक्षर मी वीस वर्षं वाचतेय, म्हणजे वाचायचा प्रयत्न करतेय. पण वासाचा रकाना?”

“माझा,” वहिनी म्हणाल्या.

“बरं. मग चवीबद्दल तुमचं काय मत?”

“मला माहीत नाही. मी चाखलेली नाही.”

“कुठली? बारा नंबरची?”

“कुठलीच नाही.”

“म्हणजे या सतरांपैकी...”

“मी वाइन कधीच प्यायलेली नाही, फ्राऊ क्लाइन.”

माझ्या शेजारी उर्जाने जर्मनमध्ये, स्वतःशीच, एक शिवी हासडली. टेबलाशी बसलेला एक जाडा बागायतदार म्हणाला, “म्हणजे आमच्या पाद्र्यासारखंच की! बायको नाही, पण संसार कसा करायचा ते तोच सांगतो!” सगळे खो खो हसले. कोणीतरी टेबल बडवलं. वहिनीही जरा हसल्या, आणि त्यांचा हात समोरच्या रिकाम्या ग्लासाच्या दांड्याभोवती घट्ट झाला तो मला मागच्या बाकावरून दिसला.

फ्राऊ क्लाइन हसल्या नाहीत. “हा विनोद नाही. गिऱ्हाइकांना मी काय सांगू? न पिणाऱ्या माणसाने निवडली म्हणून? आल्झो, हा तक्ता बाजूला ठेवावा लागेल. आणि दुकानाबद्दल, सप्टेंबरबद्दल, मला...”

“ईरे नाझऽ,” बॉयर्ले म्हणाले. तिचं नाक. आणि उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला उभं राहायला वेळ लागला.

“वासाचा रकाना रिकामा ठेवला असता, तर तुम्ही मला विचारलं असतं. मला वास येत नाही. साडेतीन वर्षं झाली. घरी शेगडीवर दूध जळलं तर मला धूर दिसतो तेव्हा कळतं. मागच्या दीड वर्षात या तळघरातून जे बाहेर गेलं, ते या बाईच्या नाकाने गेलं. तुम्हाला त्यात काही कमी वाटलं का?”

ते वीसपेक्षा पुष्कळ जास्त शब्द होते. ते खाली बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या नव्हत्या.

आता हसायला कोणी उरलं नव्हतं. मी त्या माणसांचे चेहरे पाहत होतो. त्यांच्या बापांनी, आज्यांनी त्या उतारावर दगडांच्या भिंती रचल्या होत्या, आणि दीड वर्षं एक न हुंगू शकणारा आणि एक न पिणारी, असे दोघं मिळून त्यांचं सगळं पीक राखत होते, आणि त्यांना पत्ता नव्हता. राग यायला हवा होता, काहींना आलाही. पण त्याआधी काहीतरी दुसरंच येऊन बसलं होतं. चर्चमध्ये टोपी काढताना येतं तसं.

म्हातारा फोग्ट हलला. स्वतःच्याच वाइनचा ग्लास त्याने पुढे ओढला, उचलला नाही. वहिनींकडे पाहिलं.

“कुठे उभं राहायचं?” त्याने विचारलं.

“थोडं मागे, हेर फोग्ट. आणि श्वास जोरात घेऊ नका. तो येईल.”

फोग्ट खुर्ची सरकवून उठला. काठी टेकून एक पाऊल मागे. त्याच्याकडे बघून दुसरा उठला, मग तिसरा. पाद्र्याचा विनोद करणारा जाडाही उठला. आणि उन्हात मांडलेल्या ग्लासांपासून हातभर मागे, हात बांधून, चौदा जर्मन माणसं गप्प उभी राहिली. मी आणि उर्जाही उभे होतो. कधी उठलो ते कळलं नाही. मला खरंच काही आलं का, की फक्त इच्छा होती, हे मी अजून सांगू शकत नाही. पण एका क्षणी ओल्या दगडासारखं काहीतरी माझ्या चेहऱ्यावरून गेलं.

“वाटी,” फोग्ट म्हणाला. “माझ्या वरच्या तुकड्यात वाटी आहे.”

मग सगळे प्यायले.

हात वर करून मत झालं. नऊ विरुद्ध चार. टँकर येणार नव्हता. चिडलेले चिडलेलेच राहिले: आमच्याशी साडेतीन वर्षं खोटं बोललास, असं दोघांनी बॉयर्लेंना तोंडावर सांगितलं, आणि त्यांना द्राक्षांची काढणी संपली की निवृत्त व्हावं लागेल असं त्याच संध्याकाळी ठरलं. वर्षभर आधी. त्यांनी मान हलवली. पुढे दोन मोठ्या हॉटेलांनी केर्नर घ्यायला नकार दिला, ते आजही परत आलेले नाहीत. फ्राऊ क्लाइन सामान आवरताना वहिनींपाशी थांबल्या.

“सप्टेंबरनंतर मला तळघरात माणूस लागेल,” त्या म्हणाल्या. “कायम. नवा केलरमाइस्टर येईल त्याला नाक असेल अशी आशा आहे, पण मी आता कशाचीच खात्री देत नाही. फरट्रागमध्ये पदाचं नाव काय लिहू?”

“विचार करून सांगते,” वहिनी म्हणाल्या. चौदा वर्षं वाट पाहिलेल्या रकान्याबद्दल त्या हे बोलत होत्या.

लोक गेले. वहिनी ग्लास गोळा करायला लागल्या. उर्जा न सांगता उठली आणि आईच्या शेजारी उभी राहून ग्लास पुसू लागली. घरी ती ताटसुद्धा उचलत नाही. बॉयर्ले खुर्चीतच बसून होते. बारा नंबरच्या शेवटच्या बाटलीत दोन बोटं वाइन उरली होती.

वहिनींनी बाटली उचलली, उन्हात धरली. हॉलभर नजर फिरवली: रिकाम्या खुर्च्या, चुरगळलेले तक्ते, टेबलावरचे ओले गोल डाग. सगळे जेवून गेल्यावर मांडव दिसतो तसा तो हॉल दिसत होता. त्यांनी एक स्वच्छ ग्लास घेतला, ती दोन बोटं ओतली आणि बॉयर्लेंच्या समोर बसल्या.

“ममा?” उर्जा म्हणाली. हातातलं फडकं तसंच राहिलं.

वहिनींनी ग्लास लांब धरला नाही, हुंगला नाही. सरळ एक घोट घेतला. चेहरा थोडा वाकडा झाला, कैरीने होतो तसा. त्यांनी तो घोट बराच वेळ तोंडात धरून ठेवला, आणि गिळला. बॉयर्ले पुढे वाकले होते. त्या खोलीत असं वाकून कोणी कोणाच्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नसेल.

“मीठ बरोबर होतं,” वहिनी मराठीत म्हणाल्या.

“काय म्हणालात?” बॉयर्लेंनी विचारलं.

वहिनी उत्तर द्यायच्या आधी उर्जाने ते वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. अगदी बरोबर, ‘होतं’ सकट. मग तिने आईच्या हातातून ग्लास घेतला, धुतला आणि बाकीच्यांच्या रांगेत उपडा ठेवला.